दुसरा ब्रेक

६ जानेवारी

चि. गुंड्यास,

अ. उ. आ. त्यातले निम्मे तुझ्या बायकोला दे, कारण तुझ्याबरोबर राहायचं काम ती करते.

थंडी पडली आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकायला वेळ नाही. परवा एक प्रकार झाला, तो तुला सांगते. वाचून हसलास तर मला कळवू नकोस.

माझ्याकडे एक पाववाली गाडी शिकायला येते. स्वतःची बेकरी आहे, चाळिशीची बाई, नखांत कायम पीठ. आली तेव्हा स्टिअरिंग पिठासारखं मळायची. आता इतकं सुरेख चालवते की शेजारी बसून मला जांभया येतात. परवा तिची परीक्षा होती. परीक्षक मागच्या सीटवर, मी नेहमीसारखी तिच्या शेजारी आणि माझ्या पायाशी शिकवणाऱ्याचा तो दुसरा ब्रेक. रस्ता मोकळा, समोर चिटपाखरू नाही, आणि गाडी गचकन थांबली. परीक्षकाने मागून वाकून माझ्या पायाकडे पाहिलं. पाय ब्रेकवर होता. शिकवणाऱ्याने ब्रेक मारला की परीक्षा तिथेच संपते. नापास.

गुंड्या, मी तो दाबला नाही. म्हणजे दाबला असणार, पण मी नाही. पाववालीने मला बोल लावला नाही. उतरली आणि फुटपाथच्या कडेला तोंड झाकून बसली. पहाटे पाव पोचवायला तिला रोज मेव्हण्याच्या विनवण्या कराव्या लागतात, म्हणून तर ती शिकत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मालक म्हणाले की याआधीही दोघातिघांनी सांगितलं होतं, बाई उगाच ब्रेक मारतात म्हणून. त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. आता पुन्हा झालं तर मला गाडीतून काढून काउंटरवर बसवणार. काउंटरवर बसून मी काय करू? मला गाडीत बसायचं सोडून दुसरं काही येत नाही, आणि शिकायची हौसही नाही.

बाकी ठीक. हो, ठेंगीला नोकरी लागली. लांब, धरणाच्या कामावर. मार्चमध्ये जाईल. मी खूश आहे.

माया आहे तेवढी ठेव, जास्त झाली तर परत पाठवणार नाही.

तुझी
ताई

१५ जानेवारी

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. हसलो नाही. बायको हसली, पण तिला तू बंदी घातली नव्हतीस.

आमच्या भाचीबाई इंजिनिअर होऊन धरण बांधायला निघाल्या आणि तू ते पत्राच्या शेपटाला लिहितेस! तुझ्या डोक्याच्या वर हातभर गेली तरी तिला ठेंगी म्हणणं आता तरी बंद कर. धरणावर कोणी ऐकलं तर मजूर तिचं काही ऐकणार नाहीत. तिला म्हणावं, मामाला फार अभिमान वाटला.

ब्रेकचं म्हणशील तर माझ्या मते बूट. तुझे ते जाड तळाचे बूट मी पाहिले आहेत, त्यांत पाय आहे की नाही हे पायालाही कळत नसेल. पातळ तळाचे घे. नाहीतर चष्म्याचा नंबर बघ. किंवा मेकॅनिकला ब्रेक बघायला सांग. तुझं वय झालं असं मी म्हणणार नाही, कारण मग माझंही झालं.

आमच्याकडे कवळ्यांचं काम जोरात आहे. एक म्हातारबुवा तिसऱ्यांदा आले, कवळी झिजली म्हणून. झोपेतही काढून ठेवायला तयार नाहीत. मी म्हटलं, आजोबा, रात्री दात खाता का? ते भडकले. म्हणाले, मी शांत माणूस आहे. इतके भडकले की कवळी जवळजवळ बाहेर आली.

लहान भावावर लोभ करायची सवय तुला जुनी आहे, ती मोडू नये.

तुझा
गुंड्या

४ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,

अ. उ. आ. बूट घेतले. पातळ तळाचे. रस्त्यावरचा खडा न् खडा कळतो, ब्रेक कधी दाबला ते मात्र कळत नाही. चष्म्याचा नंबर तोच आहे. मेकॅनिकने गाडीखाली झोपून सगळं पाहिलं आणि बाहेर येऊन माझ्याकडेच पाहिलं.

मालकांनी माझ्या ब्रेकला एक घंटी बसवली आहे. मी दाबला की किर्रर्र वाजते. पहिल्या दिवशी इतकी लाज वाटली म्हणून सांगू! या वयात गळ्यात घंटा.

पण एक गंमत सांगते. आमच्याकडे एक निवृत्त हेडमास्तर येतात. त्यांना गिअर आणि हँडब्रेक यांतला फरक अजून मान्य नाही. काल ते थेट एका झाडाकडे निघाले. मी आरामात स्टिअरिंग वळवलं, म्हटलं सर, झाड आपल्या जागेवर बरं आहे. घंटी गप्प. नव्या मुलीने गाडी नाल्याच्या काठाला नेली, तरी गप्प. आणि ती नर्स, जिला मी पुढच्या महिन्यात परीक्षेला पाठवणार, ती गप्पा मारत मारत झकास चालवते, तर किर्रर्र. रंगारी आहे, त्याचा हात आता बसला आहे, एकटा सोडला तरी चालेल असा, त्याच्या वेळी दोनदा वाजली. जिथे वाजायला हवी तिथे नाही आणि नको तिथे बोंब. याला काय म्हणायचं?

पाववालीची परीक्षा पुन्हा मार्चच्या सुरुवातीला आहे. मालकांनी दुसरी शिक्षिका देऊ केली होती. ती म्हणाली, बसले तर याच बाईंबरोबर बसेन. ते ऐकून मला जास्तच धसका बसला. त्या दिवशी पाय हलला तर तिचंही गेलं आणि माझंही.

घरातही मी वेंधळी झाले आहे. ठेंगीच्या प्रमाणपत्रांचं पाकीट सापडत नव्हतं, ते मी चादरींच्या खाली घालून ठेवलं होतं. तिची मोठी बॅग दुरुस्तीला टाकली, तर दुकान कुठलं तेच आठवेना. ठेंगी म्हणते, आई, तू म्हातारी झालीस. मी म्हटलं, तू जा एकदाची, म्हणजे मला निवांत म्हातारं होता येईल.

उत्तर लवकर लिही. माया पत्रातून पाठवलीस तरी चालते.

तुझी
ताई

११ फेब्रुवारी

ती. मामास,

शि. सा. न. मामीलाही, तिच्या वाट्याचा वेगळा.

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. तूही सांगू नकोस. फोनवर बोलले असते, पण आमच्या घरात फोन स्वयंपाकघरात आणि आई कायम फोनच्या आसपास.

धरणाजवळच्या गावात मी एक खोली ठरवली होती. घरमालकीण गेल्या आठवड्यात फोन करून विचारणार होती की नक्की येणार ना. तिचा फोन येईना, म्हणून मीच केला. ती म्हणाली की तुझ्या आईने सांगितलं, मुलगी येणार नाही. खोली दुसऱ्याला देऊन टाकली. मी आईला विचारलं. तिला काही आठवत नव्हतं. मामा, ती खोटं बोलत नव्हती. आई खोटं बोलली की तिचे कान लाल होतात, तुला माहीत आहे. कान पांढरे पडले होते. रात्रभर ती पलंगावर उठून बसली होती आणि सकाळी तिने मला दुसरी खोली शोधायला मदत केली, माझ्यापेक्षा जास्त उत्साहाने.

ती मला एकदाही थांब म्हणाली नाही. उलट सगळ्यांना सांगते की बरं झालं, घरातलं एक भांडखोर माणूस कमी होईल. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. मला माझं माहीत आहे, मला जायचं आहे. पण तिचं असं होत असेल, तिचं कामही जाणार असेल, तर मी नोकरी नको म्हणून कळवू का? तू म्हणशील तसं करीन. नाही, तसं नाही. तू काय म्हणतोस ते ऐकून मग ठरवीन.

तुझी (पाच फूट आठ इंच)
ठेंगी

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. हे पत्र तीनदा लिहिलं. आधीची दोन शहाणपणाची होती, ती फाडली.

आजोबांचं पुढे काय झालं ते सांगतो. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. जुनी कवळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, बोट फिरवून बघा. त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं. मग म्हणाले, माझा मोठा मुलगा माझ्याशी बोलत नाही. मी दातांबद्दल विचारलं होतं.

म्हणून मीही वाद घालत नाही. तू जे लिहिलंस तेच परत लिहितो, बोट तू फिरव. हेडमास्तरांच्या वेळी घंटी वाजत नाही. नाल्याकडे निघालेल्या मुलीच्या वेळी वाजत नाही. नर्स, रंगारी, पाववाली यांच्या वेळी वाजते. हे तिघे छान चालवतात, आता त्यांना तुझी गरज नाही. आठवड्या दोन आठवड्यांत गाडीतून उतरतील आणि परत येणार नाहीत. आणि प्रमाणपत्रं चादरींखाली गेली, बॅग हरवली. तीही तुझ्या जाडजूड बुटांनी नेली का?

तू लहानपणी मला झोपेत चालताना धरून आणायचीस. मी कुठे निघालोय ते मला माहीत नसायचं, पण पाय बरोबर दाराकडे जायचे. आपल्या आत कोणीतरी दुसरं राहतं, ताई. ते भाडं देत नाही आणि विचारल्याशिवाय बोलत नाही, पण घरातली निम्मी कामं तेच करतं.

तुला ती जहाज कंपनीतली नोकरी मिळाली होती, तेव्हा आईने अंथरूण धरलं. मी लहान होतो, तरी मला आठवतं. तू बॅग उघडलीस आणि एकेक कपडा घडी न मोडता परत कपाटात लावलास. आईला एका शब्दाने बोलली नाहीस. मला वाटतं त्याच दिवशी तू ठरवलंस की आपल्या मुलीला कधीही थांब म्हणायचं नाही. तू शब्दाची पक्की. तोंडाला कुलूप लावलंस. मग बिचाऱ्या पायाने काय करायचं?

ठेंगीला एकदा तरी सांग, जाऊ नकोस म्हणून. तिने राहावं म्हणून नाही. पायाला ते काम करावं लागू नये म्हणून.

रागावलीस तरी लोभ तेवढाच ठेव. राग मी वेगळा मोजतो.

तुझा
गुंड्या

२१ फेब्रुवारी

गुंड्या,

आशीर्वाद नेहमीचे. तू तुझ्या कवळ्या सांभाळ. माझ्या पायात काय चाललंय ते मी बघून घेईन. मी माझ्या पोरीला आडवी जाणारी बाई नाही. तिला मी स्वतः म्हटलंय, तू जा एकदाची. आईसारखी मी नाही, हे निदान तू तरी म्हणायला नको होतंस. तू म्हटलं नाहीस, पण लिहिलंस.

ताई

९ मार्च

चि. गुंड्यास,

अ. उ. आ. मागच्या पत्रात नुसतं नेहमीचे म्हणून भागवलं होतं, ते भरून काढते आहे.

तुझं पत्र फाडायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी नर्सला घेऊन निघाले. ती हसत काही सांगत होती, आणि घंटी वाजली. त्या वेळी पहिल्यांदा मी पायाकडे न बघता तिच्याकडे पाहिलं. ठेंगीहून चार पाच वर्षांनी मोठी असेल. मला एकदम कळलं, की ही आता जाणार. आणि मी तिला गाडी बाजूला घ्यायला लावली. तिला वाटलं तिचंच काही चुकलं.

तरी मी घरी जाऊन काही बोलले नाही. चार दिवस गेले. रविवारी ठेंगी पुस्तकं खोक्यात भरत होती. मी दोरी धरून उभी होते. ती म्हणाली, आई, दोरी सोड ना. मी सोडली नाही. आणि माझ्या तोंडून निघालं की जाऊ नकोस. एकदा निघालं ते थांबेना. म्हटलं, धरण दुसरं कोणीतरी बांधेल, या घरात मी कोणाशी भांडू, संध्याकाळी दिवा लावून मी कोणाची वाट बघू. खोलीवाल्या बाईला मीच नाही म्हटलं असणार, हेही म्हटलं. नाक वाहत होतं. शोभा झाली.

ठेंगी खोक्यावर बसली आणि मला म्हणाली, पुन्हा म्हण. मी पुन्हा म्हटलं. ती रडली, मग हसली, मग म्हणाली की मी जाणार आहे आई. इतकंच. दोरी माझ्या हातातून घेतली आणि खोकं बांधलं.

इतकी वर्षं मला भीती होती की मी बोलले तर ती राहील, जशी मी राहिले. ती राहिली नाही. मी बोलले आणि ती तरीही निघाली. गुंड्या, मला इतकं हलकं वाटलं की मी बसून उरलेली पुस्तकं तिच्याबरोबर दुसऱ्या खोक्यात भरली. तिने तुला पत्र लिहिलं होतं तेही तिने सांगितलं. तू ते पोटात ठेवलंस, शाबास.

तिसऱ्या दिवशी पाववालीची परीक्षा होती. पाय सुधारला असं समजू नकोस. गाडीत बसण्याआधी मी तिला सांगितलं की आज तू पास झालीस की मला तुझी आठवण येणार, आणि माझ्या पायाला ते आवडत नाही. ती बावरली. मग म्हणाली, बाई, पाव घ्यायला या की. मोकळा रस्ता आला. पाय उठला. या वेळी उठताना मला कळला. तो ब्रेकच्या वर थोडा वेळ थांबला, मी त्याला म्हटलं, माहीत आहे रे बाबा. मग तो ब्रेकला न लागता बाजूला जमिनीवर आला. घंटी वाजली नाही. पाववाली पास झाली. मालक म्हणाले, बाई, सोमवारपासूनही हेडमास्तर तुमच्याच गाडीत. ही शिक्षा की बक्षीस ते मी विचारलं नाही.

उद्या सकाळी ठेंगी निघते. तिला आधीच सांगून ठेवलंय की गाडी हलली की मी प्लॅटफॉर्मवर रडणार, तेव्हा तिने मन घट्ट करावं. ती म्हणाली की रड, पण गाडी सुटायच्या आधी सुरू कर, म्हणजे मला पण सोबत रडता येईल.

तेव्हा उद्या लवकर पोचायला हवं.

तुझ्यावरचा लोभ मी मोजत नाही, तूही मोजू नकोस.

तुझी
ताई