पायडलचं घुंगरू

आबा, परत सायकल धरलीय. इथं भुसावळला रेल्वेच्या यार्डात कोळसा ओढायचं काम करतो, आणि छातीला ते मानवत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तरी दिवाळीला घरी जायचं ते सायकलवरच, असं डोक्यात घेतलंय. भुसावळ ते धाराशिव. आता मधे नाके नाहीत, निजाम गेला, कुणी अडवून गाठोडं उघड म्हणत नाही. यार्डातले सोबती हसतात. एक म्हणतो, "शिट्टी तुझ्या छातीतच आहे, नुसते रूळ टाकून दे, सरळ गावात जाशील." डॉक्टर हसत नाही. तो म्हणतो, जायचंच असेल तर रोज थोडं थोडं वाढव, आणि दम कोंडायच्या आधी उतर. हे तर तुमचंच बोलणं. रोज सकाळी तापीच्या पुलापर्यंत जाऊन येतो. काल पुलाच्या अलीकडं छाती आवळली, उतरलो, सायकल हातात धरून चालायला लागलो, आणि तुम्ही शेजारनं चालताय असं वाटलं. म्हणून लिहायला बसलोय. शाळा चौथीपर्यंत, त्यातली निम्मी उर्दूत, तेव्हा अक्षर लागेल तसं लावून घ्या.

तुम्ही टपालाचे हरकारे. खांद्यावर थैली, हातात घुंगरांची काठी. धाराशिवहून तेरच्या वाटेनं निम्म्यात पळत जायचं, तिथं दुसऱ्या हरकाऱ्याला थैली द्यायची, त्याची घेऊन परत पळत यायचं. तुम्ही दिसायच्या आधी ऐकू यायचात. छन छन छन. कुत्री सुद्धा वाट सोडायची. आणि मी तुमचा मुलगा, उशाला टेकून बसल्या बसल्या रात्र काढणारा, दोन उड्या मारल्या की ओठ निळे पडणारा. मायनं चूल घरातनं उचलून बाहेर लिंबाखाली मांडली होती. पावसाळ्यात वर पत्रा धरायची, पण आत आणायची नाही. विचारलं तर म्हणायची, "तुझ्या आबाच्या डोळ्यांला धूर लागतो." मला ते खरं वाटायचं.

त्या दिवशी तुम्ही आलात, काठी कोपऱ्यात टेकवलीत आणि घुंगरं वाजू नयेत म्हणून थोडा वेळ मुठीत धरून उभे राहिलात. मग चुलीपाशी येऊन मायला म्हणालात, "हरकारे बंद व्हायलेत. आता एकच सायकलस्वार. धाराशिव, येडशी, ढोकी, तेर आन् परत धाराशिव. समदा फेरा एका दिसात, दिवे लागायच्या आत." चार हरकाऱ्यांच्या घरची भाकर एका सायकलवर बसणार होती. साहेबांनी सवलत एवढीच दिली होती की स्वार हरकाऱ्याच्याच घरचा घेऊ, पण छाती ठणठणीत पाहिजे. बाकी तिघांना मुलगे नव्हते, नाहीतर लहान होते. राहिलो मी एकटा. मला जमलं नाही तर बाहेरचा माणूस येणार.

माय भाकरी थापायची थांबली. "ह्याला बसवता? जिना चढला तर पाणी मागतो लेकरू. त्यापरीस मलाच बसवा."

"तुला बसवलं तर साहेब नोकरी सोडून पळंल," तुम्ही म्हणालात. ती हसली नाही. तुम्हीही हसला नाहीत. मग हळूच म्हणालात, "शेत न्हाय, वाडी न्हाय. सांग, दुसरं काय हाय आपल्याकडं?" तव्यावरची भाकरी करपली, तरी कुणी उलटली नाही.

सायकल चौकातल्या सायकलदुरुस्तीवाल्या चाचांची, जुनी, वजनानं रेड्यासारखी. तुम्ही आधीच्या, मोडलेल्या काठीचं एक घुंगरू काढलंत आणि पायडलच्या दांडीला तारेनं आवळून बांधलंत, म्हणजे पाय एकदा फिरला की एकदा छन होणार. चाचा पंक्चर काढता काढता म्हणाले, "मियाँ, घोड़ी तो सज गई, दूल्हा कब आएगा?" मी खाली मान घातली. तुम्ही मात्र लेकराला बाराखडी शिकवावी तसं शिकवत होतात. एका छनला दम आत, दोन छनला बाहेर. बाहेर जास्ती. दम घ्यायची घाई करू नको, सोडायची सवय कर, घ्यायचं आपोआप हुतं. घुंगरू आन् दम यांची जोडी फुटली की उतर, चालायला लाग, जोडी जुळली की बस. पहिल्या आठवड्यात मी हातलाईच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंतच जात होतो. मग येडशीच्या सडकेला. थंडीचे दिवस, तोंडाला मायचा जुना पदर गुंडाळलेला, कनवटीला ओव्याची पुरचुंडी. निघताना अडुळशाचा काढा, आणि ताक तर नावालाही नाही. रस्त्यावरची पोरं मागनं पळायची, "पोळ्याचा बैल आला रं!" आणि मी लाजेनं जोरात पाय मारायचो, आणि जोडी फुटायची.

एकदा तेरच्या वाटेवरल्या बोरीच्या चढाला असंच झालं. वर बोरीचं झाड, खाली विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. तुम्ही काठी घेऊन शेजारनं येत होतात. घुंगरू कधीच चुकलं होतं, पण बायकांसमोर उतरायचं कसं म्हणून मी रेटत राहिलो. झाडापाशी पोचलो आणि सायकलसकट पडलो. मासोळीसारखं तोंड उघडत होतो आणि वारा आत जात नव्हता. तुम्ही मला बसतं केलंत, पुढं वाकवलंत, पाठीवर हात ठेवलात. जरा आवाज फुटायला लागला तेव्हा मात्र असे कडाडलात की मला पडल्यापेक्षा ते जास्त लागलं. "मर्दुमकी कुणाला दावतोस? थैली पोचली पायजे. तू बसून पोचलास का चालत पोचलास, कुणी इचारत न्हाय!"

बोलून तुम्ही खाली बसलात. काठी आडवी पडली होती, घुंगरं गप्प होती, विहिरीवरचा रहाटही थांबला होता. आणि तरी शिट्टी वाजत होती. मी माझं तोंड मिटलं, दम धरला, तरी वाजतच होती. बारीक, लांब, शेवटाला जरा चिरकणारी. ती तुमच्या छातीतनं येत होती, आबा. मी बघितलं तसं तुम्ही तोंड फिरवलंत आणि काठी उचलून उगीच एकदा आपटलीत. छन. तेवढ्यानं ती झाकली गेली. तेव्हा मला कळलं की मायनं चूल बाहेर का नेली. एकाच छातीसाठी नव्हती नेली.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"तुझ्यापरीस लहान हुतो," तुम्ही म्हणालात. "पळतो कुठं म्या? पाय चालतेत, घुंगरू पळतंय." आणि बसल्या बसल्या काठी अशी झपझप हलवून दाखवलीत की डोळे मिटले असते तर वाटलं असतं, कुणी वाऱ्यासारखा पळत चाललाय. इतकी वर्षं अख्ख्या मुलखानं तुम्हाला पळताना ऐकलं होतं. बघितलं कुणी नव्हतं.

त्यानंतर मी उतरायला लाजलो नाही. फेरा वाढत गेला. ढोकीपर्यंत गेलो, तेरपर्यंत गेलो, आणि फाल्गुनाच्या सुरवातीला सगळा फेरा एकदा पुरा केला. शेवटाला जीव गळ्याशी आला होता, पण उजेडी पोचलो होतो.

साहेबांनी परीक्षेचा दिवस धरला तेव्हा ज्वारीची खळी चालू होती. सकाळी हापिसापुढं सायकल लावली. साहेब ओसरीवर आले, सायकलभोवती फिरले आणि पायडलपाशी वाकले. "ये क्या है? सरकारी सवार है, बैल नहीं. निकालो." शिपायानं पकडीनं तार तोडली. घुंगरू त्यानं तुमच्या हातात दिलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं. घुंगरू गेलं म्हणजे नुसती चाल गेली नव्हती, शिट्टीवरचं पांघरूण गेलं होतं.

येडशीपर्यंत मनातल्या मनात छन म्हणत गेलो. स्टेशनात थैली घेतली, ढोकीत बदलली. तेरला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलेलं, आणि मी वेळेवर होतो. तिथनं निघालो आणि वारा सुटला. वाटेच्या दोन्ही अंगांना उपणणी चालली होती. माणसं तिवईवर उभी राहून सुपानं धान्य सोडत होती, आणि भुसकट उडून सगळं रस्त्यावर येत होतं. मायचा पदर नाकाला दाबला तरी ते आत गेलंच. बोरीच्या चढाला लागलो आणि छाती दगडासारखी झाली. मनातलं घुंगरू कुठं हरवलं कळेना. उतरावं तर उजेड जाईल, न उतरावं तर मी जाईन. पाय रेटत होते, डोळ्यांपुढं काळं येत होतं, आणि उतरायची वेळ कुठली हे सांगणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात वरनं आवाज आला. छन. मग बराच वेळ काही नाही. मग छन. बोरीखाली तुम्ही काठी धरून उभे होतात. पळणाऱ्याची चाल नव्हती ती, चालणाऱ्याची होती. मी उतरलो. सायकलवर भार टाकून त्या आवाजामागं पाऊल टाकत गेलो, एकाला आत, दोनाला बाहेर. वर येईस्तोवर छातीची एक खिडकी उघडली होती. तुम्ही जागचे हलला नाहीत. म्हणालात, "उतरलास, ब्येस केलंस. आता बस आन् जा. पुढं सपाटी हाय. म्या येतो मागनं."

हापिसात पोचलो तेव्हा शिपाई कंदिलाची काच पुसत होता, लावला नव्हता. साहेब थैलीवरचे लाखेचे शिक्के एकेक करून तपासायला लागले. खोलीत कुणी बोलत नव्हतं. आणि माझ्या छातीत ती सुरू झाली. बारीक, लांब, शेवटाला चिरकणारी. मी ओठ दाबले, ती नाकातनं यायला लागली. कारकुनानं खिडकीकडं बघितलं. साहेबांचा हात लाखेवर थांबला.

तेवढ्यात तुम्ही दारातनं आत आलात आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात. घामानं निथळत होतात.

"ये आवाज़ किधर से आ रही है?" साहेब म्हणाले.

माझं तोंड उघडलं तसा तुम्ही पायानं माझा पाय दाबलात. "माझी हाय साहेब."

साहेब उठून जवळ आले. कान द्यायची गरजच नव्हती. तुमच्या छातीत असं वाजत होतं की माझं त्यात कुठल्या कुठं बुडून गेलं. "कब से?" त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "नोकरीच्या आदीपासनं." साहेबांनी थैली बाजूला सरकवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "कल से मत आना, बड़े मियाँ. लड़का आएगा." तुम्ही काठी टेबलावर ठेवलीत. ठेवताना घुंगरं मुठीत धरली होती, वाजू दिली नाहीत.

वाटेत मी विचारलं, चढापासनं एवढ्या लवकर कसे पोचलात. तुम्ही म्हणालात, आदी घरी चल. घरी मायनं तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं, गरम पाणी दिलं, तळवे चोळले, मुठीत उमटलेले घुंगरांचे वळ बघितले आणि एकदम रडायला लागली. "कोसभर पळत आलाव? ह्या वयात? घुंगरं धरून?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळा जन्म तुमचे पाय चालले आणि घुंगरू पळालं. त्या दिवशी घुंगरू मुठीत गप्प ठेवून तुम्ही खरंच पळालात. माझ्यापेक्षा मोठ्यानं वाजावं म्हणून.

त्यातनं तुम्ही पुरते सावरला नाहीत. दुसऱ्या थंडीत गेलात, लिंबाखाली, भर उन्हात बसल्या जागी. मी त्या फेऱ्यावर तीन वर्षं काढली. मग पाय एका जागी ठरेनात. सोलापूर केलं, पुणं केलं, आता हे भुसावळ. माय म्हणते, हरकाऱ्याचं रक्त हाय, थांबायचं न्हाय. बोरीचा चढ मी तीन वर्षांत एकदाही बसून चढलो नाही. ह्या खेपेलाही उतरणार आहे.

टपालाची पेटी यार्डाच्या फाटकापाशीच आहे, पण हे तिच्यात टाकून कुठल्या हरकाऱ्याला त्रास देऊ? घडी घालून सीटखालच्या पिशवीत ठेवतो. मीच घेऊन येईन.

एक सांगायचं राहिलं. डॉक्टरनं पांढऱ्या गोळ्या दिल्यात. घेतली की घटकाभरात छाती मोकळी होते, शिट्टी बंद. चांगलं औषध आहे. पण खरं सांगू आबा, ती बंद झाली की खोली लई रिकामी वाटते. म्हणून संध्याकाळी कामावरनं आलो की गोळी हातात धरून बसतो, आणि लगेच घेत नाही. थोडा वेळ वाजू देतो.