कंपनीचा बाप

बोरिवली,
ता. ९ ऑक्टोबर १९८६

चि. दशरथ यास तुझ्या भावोजींचे भरपूर आशीर्वाद. कंबर कशी आहे? सौ. सुगंधाचा खोकला गेला का? इकडे तुझी जानकीताई ठीक, मी (गुडघे सोडून) ठीक. कंपनी मात्र वारली.

वारली हा शब्द मुद्दाम लिहिला. अंधेरीच्या गाळ्यात छत्रीच्या मुठींचा कारखाना काढला, तेव्हा आपला हिशेबनीस श्यामसुंदर म्हणाला होता, "भाऊ, प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे कायद्याने वेगळी व्यक्ती. तिचं कर्ज तिचं, तुमचं घर तुमचं." मला एवढं भरून आलं रे! आम्हाला मूलबाळ नाही, ते या वयात सरकारी शिक्क्यानिशी झालं. सत्यनारायणाला मी कंपनीच्या नावाने वेगळं पान मांडलं होतं (त्यावर जेवलास तूच).

पुढे बँकेचा साहेब म्हणाला, कंपनीला कर्ज देतो, पण तुम्ही स्वतः जामीन राहा. श्यामसुंदर टेबलाखालून माझा पाय दाबायला लागला. मी म्हटलं, "पाय काय दाबतोस? लेकरासाठी बाप उभा राहणार नाही, तर काय शेजारी राहणार?" आणि साहेबाच्याच पेनाने झोकात सही ठोकली. साहेबाने चहा मागवला. असा बाप त्याला रोज कुठे मिळायला!

मग लोकांनी घडीच्या छत्र्या धरल्या. त्यांना मूठ जेमतेम अंगठ्याएवढी. आपल्या वाकड्या मुठी गाळ्यात तशाच पडून राहिल्या. कंपनी गेली, मागे मी उरलो. नोटिसा गाळ्यावर यायच्या, चष्मा सापडत नाही म्हणून मी त्या बाजूला ठेवायचो. आता कोर्टाचा हुकूम झालाय, महिनाअखेर ही राहती जागा सोडायची. ताईने खिडकीत लावलेली अबोली यंदा कधी नव्हे ती फुललीय, मला तिकडे बघवत नाही. सही करताना ही जागा माझ्या एकट्याची आहे असं धरून चाललो, तिथेच चुकलो रे.

तुझा,
गुणाजीभावोजी

ता. क. खरं काम राहिलंच. ताईला यातलं काही ठाऊक नाही. तू रविवारी ये आणि हळूच सांग, तुझं ती ऐकते. मी तेवढ्यात कोथिंबीर आणायला खाली जाईन.

दुसरा ता. क. तिकीट मागायला गेलो, तर तिने पत्रच वाचून काढलं. मग म्हणाली, "दशरथला येऊ दे. सांगायला नको, कपाट उचलायला. तुमच्याच्याने व्हायचं नाही ते." कपाट उचलून न्यायचं कुठे, हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तू आणि सुगंधा काय ते ठरवून या.