चकतीवरचा डोंगर

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी मालिका अकराव्या भागापर्यंत पाहिली. काकू दर भागाला डोळे पुसते आणि मी हसतो म्हणून माझ्यावर डाफरते. त्यातल्या गुन्हेगार घराण्याचा शीतगृहाचा धंदा खरा वाटतो का, असं तू विचारलंस. ठके, चोर खरे वाटतात, धंदा नाही!

उणे अठरा अंशांत तीन भाऊ नुसत्या सदऱ्यांवर वीस मिनिटं भांडतात आणि एकाच्याही तोंडातून वाफ नाही. कॉम्प्रेसरचा म्हणून जो आवाज दिलाय तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा आहे. हे कान चाळीस वर्षं त्या यंत्रापाशी बसलेत, फसायचे नाहीत. आणि चोरीचे हिरे थंडीत कशाला ठेवले? ते काय नासणार होते?

पण खरी चूक पुढेच आहे. धाकटा भरदुपारी दार उघडून माल आत लोटतो आणि किल्ली थोरल्याकडे असते म्हणून पोलीस थोरल्याला धरतात. अगं, प्रत्येक खोलीबाहेर तापमानाची गोल कागदी चकती असते. तिच्यावर पेन आठवडाभर रेघ ओढत असतं. दार उघडं राहिलं की रेघ डोंगरासारखी चढते, वार-वेळेसकट. थोरला त्या वेळी दुसरीकडे होता ना? मग चकती दाखवली की सुटला. हे आमच्या हमालालाही ठाऊक असतं. तेवढं दुरुस्त कर, नाहीतर धंद्यातले लोक हसतील.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? जिना चढू नका म्हणावं.

तुझा,
काका


ता. ११ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

वाफेचं आणि फ्रिजचं वाचून आमची अख्खी लेखकमंडळी हसली. चकतीचं मात्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही.

अकरावा भाग मी रचलेला नाही, काका. तो तुमच्या-बाबांच्या शीतगृहात चोरीचा माल सापडला, त्या बाबांच्या खटल्यातून उचललाय. चोरीची इंजेक्शनं होती, त्यांचे हिरे केले ते आईच्या लक्षात येऊ नये म्हणून. माल गुरुवारी दुपारी आत गेला, हे कोर्टात ठरलं होतं. त्या दुपारी बाबा माझ्या शाळेत पहिल्या रांगेत बसले होते. मी सात वर्षांची होते आणि कविता म्हणताना मधेच अडले, तर त्यांनीच ओठ हलवून पुढची ओळ सांगितली. आई हे ओरडून सांगत होती. वकील म्हणाले, दार नेमकं किती वाजता उघडलं याची कुठेच नोंद नाही.

तुम्ही साक्षीला होतात. नोंद आहे का, असं तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात.

बावीस वर्षं आई मनातल्या मनात एकच प्रश्न घोळवते, की आपण ज्याच्याशी संसार केला तो माणूस चोर होता का. मला रागावायचं नाहीये, काका. त्या आठवड्याची चकती कुठे आहे, तेवढं कळवा.

तुमची,
ठकी


ता. २ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहून फाडली.

चकती माझ्याकडे आहे, सोबत पाठवतोय. गुरुवारचा, बारा ते साडेबाराच्या मधला डोंगर बघ. दार मी उघडलं होतं. नवं गिऱ्हाईक होतं, एका दिवसाचा प्रश्न आहे म्हणालं आणि खोक्यांत काय आहे ते मी विचारलं नाही. मला मोठं व्हायची घाई होती. तुझ्या शाळेत जाताना दादाने किल्ली माझ्याच हातात दिली होती.

परत आल्यावर त्याने आधी चकतीच पाहिली. मग खोलीत जाऊन खोकी पाहून आला. नवी चकती लावली, जुनी माझ्या खिशात कोंबली आणि जाळून टाक म्हणाला. तुझ्या घरात पाळणा हलायचाय, एवढंच वर म्हणाला. काकूला सातवा महिना होता.

सकाळी पोलीस आले. नव्या चकतीला ते भिंतीवरचं घड्याळ समजले. किल्ली कुणाकडे असते असं विचारलं, तर दादा म्हणाला, माझ्याकडे. मी शेजारीच उभा होतो. शिक्षेच्या तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच वारला, तोवर दर महिन्याला मी भेटायला जात होतो. दर महिन्याला वाटायचं, आज तो म्हणेल की पुरे झालं, सांगून टाक. तो एकदाही म्हणाला नाही आणि मी तेच सोयीचं मानलं. चकती जाळायला मात्र हात धजला नाही.

चकती वहिनींना दाखव. वकिलाला दाखवायची असेल तर त्यालाही दाखव, मी सही करायला येईन. काकूला काल सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

आणि मालिकेतली आणखी एक चूक लिहायची राहिली. तुझा थोरला कोर्टात ओरडतो, मी निर्दोष आहे म्हणून. ते खरं वाटत नाही. दादाला बाहेर नेत होते तेव्हा त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, दोन नंबरच्या कॉम्प्रेसरचं तेल बदललंस का.

लोभ मागायला तोंड नाही. वहिनींना नमस्कार सांगायचा की नाही, ते तूच ठरव.

काका