वाढलेले नऊ मार्क

सर, काल शाळेत मी पोरांचे मार्क वाढवले आणि तुमच्यावरचा राग उतरला. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तेव्हा कुठं.

आपल्या संस्थानच्या महाराजांनी गावोगाव शाळा काढल्या, त्यातल्या एकीत मी मास्तर आहे. गणिताचा पेपर मीच अवघड काढला. सगळ्यात हुशार पोरगंसुद्धा शंभरात पन्नासावर अडकलं. चूक माझी, पोरांनी का भोगावी, म्हणून प्रत्येकाला दहा दिले. कुणाचा नंबर हलला नाही, अख्खी रांगच पुढं सरकली. मागून एक बेरड पोरगं म्हणालं, "मास्तर, वाईच अजून वाढा की." वर्ग हसला. माझा खडू फळ्यावरच थांबला.

कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या सहामाहीनंतर तुम्ही फळ्यावर आमच्या मार्कांची टेकडी काढली होती. दोन्ही कडांना थोडी पोरं, मधे गर्दी. मग ती पुसून तशीच टेकडी वीतभर उजवीकडे काढलीत. वर्ग ऐकत होता. मी खिडकीतून रस्ता बघत होतो, कारण मुलींच्या शाळेत शिकवणारी तुमची विधवा बहीण त्याच वेळी घरी जायची.

गुरुवारी माझा जेवणाचा वार तुमच्याकडे. पानावर बसलोय, ती आमटी वाढतेय, आणि तुम्ही सहज सांगताय, "एकोणतीस होते तुझे. नऊ वाढलेत. पास झालास." तिच्यादेखत. वारावर जेवणाऱ्याला 'वाढलेत' हा शब्द कसा ऐकू येतो, ते तुम्हाला कुठून कळावं? मी भरल्या पानावरून उठतो. रागात गावची बोली तोंडात येते, "भीक न्हाय मागितली मी."

"अरे, सगळ्यांनाच वाढलेत," तुम्ही म्हणता. "खाली बस. पंगतीतून असं उठू नये."

मला वाटलं, जेवणाचंच बोलताय. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात पाऊल टाकलं नाही.

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुमच्या घराचाच पत्ता ठाऊक आहे, आणि तिथं ते ती उघडेल. राग खरा होता, सर, पण त्याच्याखाली दुसरंच काही होतं. ते नऊ मार्क तिनं माझ्यासाठी तुमच्यापाशी शब्द टाकून मिळवले, असं मी मनात धरलं होतं. इतकी वर्षं जपले. काल कळलं, ते सगळ्या वर्गाचे होते.