शटरवरची अकरा नावं

८ डिसेंबर, सोमवार

सकाळपासून दिग्रस–आर्णी एसटीवर ड्यूटी. गाडीत पाय ठेवायले जागा नाही, तुरीच्या शेंगांची पोतडी दारातच. अन् मागच्या सीटवर बंडू. कटिंगचं दुकान सोडून आर्णीले कायले जाते कोण जाणे, पण बसला की उतरेपर्यंत फुटबॉल. "वहिनी, चार मागं का पाच मागं?" मी म्हनलं, आधी तिकीट. "रविवारी हरलो तर आपली जिनिंग इलेव्हन लीगच्या बाहेर. बरोबरी झाली तरी राहतो. मंग पुढं जाऊन कायले मरायचं? सगळे मागं उभे करा." समोरचा एक म्हातारा म्हणे, मागं उभं राहून कोणी जिंकलं काय बे? झालं. फाट्यापर्यंत भांडण. चढणारे-उतरणारे गेले चुलीत.

संध्याकाळी गफ्फारचाचाच्या सायकल दुकानासमोर सगळे जमले. टीमच्या सरांनी बंद शटरवर खडूनं अकरा नावं लिहिली, खाली तीन राखीव. मग दर वेळेसारखा नियम सांगितला. शनिवारी दुपारी बारापर्यंत कोणीही यावं, एक नाव पुसावं, दुसरं लिहावं. पण दिवसाउजेडी, चार माणसांसमोर अन् कारण सांगून. ज्याचं पुसलं त्यानं तोंड उघडायचं नाही. बारा वाजता फोटो, मग बदल नाही.

उजव्या बॅकले "देवा". म्हणजे आमचे हे. सोळा वर्षं झाली, तिथी दुसरं नाव नाही. मी लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली.

आज तरी कोणी उठते असं वाटलं होतं. रविवारच्या यवतमाळवाल्यांचा तो अकरा नंबर डाव्या अंगानं येते, म्हणजे आपल्या उजवीकडून, म्हणजे ह्यांच्याच अंगावर. कोणाले दिसत नाही का? दिसते सगळ्यायले. बोलत कोणी नाही. सगळे चार मागं का पाच मागं यावरच घसा फोडून राह्यले होते.

घरी आल्यावर हे खुशीत. "पाह्यलं? सरांनी सर्वात आधी माझं नाव लिहिलं." मी म्हनलं, जेवा.

या वहीच्या मागच्या पानावर मी यंदाचे गोल लिहून ठेवले आहेत. खाल्लेले नऊ. उजवीकडून सहा. हे पान कोणाले दाखवलं नाही.


९, मंगळवार

करून बसली.

पहाटं सव्वापाचले ड्यूटीवर निघाली. रस्त्यावर कुत्रं नाही. शटरसमोर आली अन् पाय थांबले. खाकीच्या खिशातून रुमाल काढला अन् "देवा" पुसून टाकलं. खडू तिथीच पडला होता. दुसरं नाव लिहायची हिंमत झाली नाही. रिकामी जागा पाहून लोक आपसूक भांडतीन, कोणी ना कोणी खरं बोलन, असं वाटलं. घरच्या बाईनं चारचौघांत नवऱ्याचं नाव कसं पुसावं? म्हणून असं. अक्कल!

संध्याकाळी गल्लीत शिमगा. "चोरासारखं कोणं पुसलं बे?" बंडू तर चप्पल काढून उभा. चार मागं, पाच मागं सगळं विसरले. मी भाजीची पिशवी घेऊन तिथीच. मले वाटलं, माझं तोंडच सांगून राह्यलं असन. पण माझ्याकडं कोणी पाह्यलंच नाही.

बंडू म्हणे, ज्याचा फायदा त्यानं.

फायदा अंकुश राठोडचा. राखीवमध्ये उजव्या बॅकचा तोच एक. रोज पहाटं तांड्यावरून दुधाच्या कॅन घेऊन येते, अन् याच रस्त्यानं. सगळं जुळलं त्यायच्या डोक्यात. ह्यांनीच दोन वर्षं शिकवलं त्याले. "आतून वळ, बाहेरून नको," आमच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानामागं उभं करून करून. घरी आल्यावर हे फक्त म्हणे, "अंकुश?"

मी पोळ्या लाटत होती. लाटतच राह्यली.


१०, बुधवार

शटरवर "देवा" परत आलं. बंडूनं लिहिलं, वीतभर अक्षरात. टाळ्या. गफ्फारचाचानं चहा पाजला सगळ्यायले.

मग परत डावपेच. सर म्हणतात, पाच मागं, अन् उजवीकडं देवाच्या मदतीले एक जण कायम. बंडू म्हणे, मग पुढं गोल कोण मारन, तुमी? गफ्फारचाचा म्हणे, देवाले मधी घ्या, तिथी पळायचं काम कमी, बोलायचं जास्त. त्यावर एक जण हसला. "चाचा, देवाभाऊची उंची पाह्यली का? बॉल डोक्यावरून जाईन अन् मागून विचारन, भाऊ, लागला तर नाही?" सगळे हसले. हे पण हसले. मले हसू आलं नाही.

म्हणजे माहीत आहे सगळ्यायले. एकानं तरी म्हणावं ना, बाप्पा, की सोळा वर्षं झाली, आता बसव. नाही. मजाक करतीन, बोलणार नाही.

अन् मग ह्यांनी खडू घेतला. चार माणसं उभी होती, उजेड होता, नियमाप्रमाणं सगळं, फक्त दुसरं नाव लिहिलं नाही. राखीवमधून "अंकुश" पुसलं. कारण विचारलं सरांनी. म्हणे, "चोर."

अंकुश तिथी नव्हता. मी होती.


११, गुरुवार

साडेनवाची फेरी. फाट्यावर अंकुश चढला, रोजच्यासारखा आर्णीले कॉलेजले. रोज दारापाशी उभा राहते, "काकू, आज गर्दी कमी," असं काहीतरी बोलते. आज मागं जाऊन बसला. मी गेली तिकिटाले.

"काकू, म्या नाही पुसलं. याडीची आन. म्या पुसलं असतं तर माझं नाव लिहिलं नसतं का?"

एवढा साधा हिशेब. गावात एकाच्याही डोक्यात आला नाही. आईची शपथ घेऊन राह्यला पोरगा माझ्यासमोर, अन् मी मशीनमधून तिकीट काढून त्याच्या हातात दिलं.

"देवाभाऊ फोन उचलत नाही. सांगान का तुमी त्यायले?"

मी म्हनलं, "पुढं सरका, पुढं सरका." पुढं कोणीच नव्हतं.

आर्णीले उतरला तर मागं वळून पाह्यलं नाही त्यानं. ड्रायव्हर विचारे, मॅडम, तब्येत बरी नाही का? म्हनलं, गाडी चालवा.

खरं म्हणजे मले राग कोणाचा येऊन राह्यला हेच समजत नाही. बंडूचा? ह्यांचा? बंडूनं तर आपल्या माणसाची बाजू घेतली. माझं काय? मी आपल्या माणसाची बाजूही घेतली नाही अन् पोराचीही नाही. धरलं तर चावते, सोडलं तर पळते.

दोन वेळा जेवायले बसली, दोन्ही वेळा उठली.


१२, शुक्रवार

सुट्टी. घेतली नसती तर बरं. हे सकाळपासून गल्लीत धावून राह्यले. पिंपळापासून विहारापर्यंत, परत. मोबाईलवर वेळ लावून. शेजारच्या बाया हसून राह्यल्या, लेकरं मागं धावून राह्यली. घामानं निथळत आत आले.

"सुजाता, खरं सांग. पळतो ना मी?"

"पळता की."

काय बिघडलं असतं सांगितलं असतं तर? दोघंच होतो घरात.

पाणी प्याले. मग बराच वेळ उंबऱ्यावर बसून बूट घासत होते. मग म्हणे, "मले पुसलं याचं काही नाही. त्यानं तोंडावर सांगितलं असतं ना, भाऊ, आता मी खेळतो, तर म्या हसत सोडलं असतं."

खोटं! हसत सोडणारा माणूस नाही हा. गेल्या वर्षी सरांनी शेवटची दहा मिनिटं बाहेर घेतलं तर चार दिवस भाजीत मीठ कमी आहे म्हणून भांडले. पण आवाज असा होता की मले रडू आलं. मी मोरीत जाऊन तांब्या घासला. दोनदा.

त्यांच्यावर लय जीव आहे माझा. हे लिहून ठेवते, कारण उद्या काय होते माहीत नाही. अन् रविवारी जिनिंग इलेव्हन हरू नये हेही मले तेवढंच वाटते. लाज वाटते असं लिहायले, पण वाटते. मले तो अकरा नंबर झोपेतही दिसून राह्यला. आमच्या उजवीकडून आत येते, अन् हे मागून हात वर करून ऑफसाइड, ऑफसाइड ओरडतात.


१३, शनिवार

ड्यूटी अर्धी टाकली. कंट्रोलरले म्हनलं, घरचं काम आहे. घरचंच होतं.

साडेअकराले शटरसमोर गेली, खाकीतच. तीसेक माणसं. सर, गफ्फारचाचा, बंडू. हे भिंतीले टेकून. मले पाहून म्हणे, "आज लवकर?"

मी सरळ सांगून टाकलं. "मंगळवारी नाव मी पुसलं."

बंडू हसला. "वहिनी मजाक करून राह्यल्या."

"रुमाल अजून धुतला नाही. पाह्यतं का?"

मग कोणी हसलं नाही. मी सांगितलं की अंकुशनं काही केलं नाही, त्याले चोर म्हनलं ते माझ्यामुळं, अन् चार दिवस मी ऐकत राह्यली. बंडूनं मान खाली घातली. ह्यांच्याकडं पाहायची माझी हिंमत झाली नाही.

मग सरांना म्हनलं, आता नियमानं करते. रुमाल काढला. वीतभर अक्षरं, पुसायले वेळ लागला. मग कारण सांगितलं. "यंदा नऊ गोल खाल्ले, त्यातले सहा उजवीकडून. ह्यांचं डोकं अजूनही सगळ्यायच्या पुढं पळते, पण पाय मागं राहतात. वळायले दोन पावलं जास्त लागतात. त्या दोन पावलांत तो अकरा नंबर निघून जाते. अंकुश वळते. वळायले ह्यांनीच शिकवलं त्याले."

अन् "अंकुश" लिहिलं. खडू दोनदा तुटला.

सर म्हणे, बाराले वीस मिनिटं आहेत, कोणाले बदलायचं असन तर बदला. वीस मिनिटं तीस माणसं उभी. बंडूनं एकदा खडू उचलला. मले वाटलं, लिहिते आता "देवा". मले वाटलं, लिहावं त्यानं. हातात फिरवला अन् ठेवून दिला. गफ्फारचाचानं फोटो काढला. अंकुशचा फोन बंद. सरांनी चार वेळा लावला.

ज्याचं पुसलं त्यानं तोंड उघडायचं नाही. ह्यांनी नियम पाळला. घरी आल्यावरही पाळून राह्यले. जेवले, ताट स्वतः उचललं, पाठ करून झोपले. भाजीत मीठ खरंच नव्हतं, तरी बोलले नाही.


१४, रविवार

सकाळी सात. चहा ठेवला, प्याले नाही. मोटरसायकल काढली. मी दारात. किक मारायच्या आधी म्हणे, "दोन नाही."

"काय?"

"दोन पावलं नाही. तीन लागतात. उन्हाळ्यापासून."

अन् गेले. चौकातून आर्णी रोडले वळले. तिकडं तांडा आहे. अन् तिकडंच त्यांच्या बहिणीचं घर आहे, रुसले की तिथीच जातात. काय समजू मी?

नऊ. ह्यांचा फोन घरातच राह्यला, खाटेवर वाजून राह्यला. सरांचा होता. उचलला नाही, काय सांगू?

साडेदहा. सामना अकराले. मी चप्पल घालून तीनदा फाटकापर्यंत जाऊन आली. रोडवर कापसाच्या गाड्याच गाड्या, त्यांच्या मागून काही दिसत नाही. अंकुश कायले येईन? मी त्याच्या जागी असती तर आली नसती. अन् हे कायले बोलावतीन? ज्याले चोर म्हनलं त्याच्या दारात जाऊन उभं राहणं सोपं आहे का? अन् बायकोनं गावासमोर नाव पुसल्यावर? माझंच चुकलं असन. नाही, चुकलं नाही. पुसायचं ते बरोबर पुसलं. मंगळवारी चुकलं.

आताच गफ्फारचाचाचा फोन. "बेटी, ग्यारा में से दसच पोट्टे आले. अंकुश नहीं, देवा भी नहीं. सर पूछ रहे, राखीव में से किसी को राइट में डाल दूं क्या? यवतमाळवाले मैदान में उतर गए."

मी म्हनलं, थांबा. कोणाले टाकू नका.

"कितनी देर?"

थांबा म्हनलं ना चाचा. कोणाच्या भरोशावर म्हनलं, ते माझं मलेच माहीत नाही. निघते.