आधी सॉरी, मग चापट

चिमीचे बाबा,

तुमची आंघोळ संपेपर्यंत थांबायला वेळ नाही. बालवाडीच्या बाईंनी पुन्हा बोलावलंय, म्हणून चिमीला घेऊन निघाले. तुमची लेक हल्ली आधी "सॉरी" म्हणते आणि मग शेजारी बसलेल्या पोराला चापट मारते. वर बाईंनाच ऐकवते, "सॉरी म्हटलं ना आधीच!" हे कुठून शिकली, असं त्या विचारणारच. काय सांगू, कप्पाळ? रोज पाचला तुम्ही तिला फोनवर सांगता, "सॉरी पिल्लू, आज बागेत जायला नाही जमणार."

आज फोन नको, सहाला स्वतः या. काल तुमचं सॉरी ऐकून तिनं आपणहून बूट काढून ठेवले. रडलीसुद्धा नाही.