गळा तोच

नाना,

आज सर्वपित्री अमावास्या. सकाळी पंचवटीतून भाजी आणली. आईने खीर-वडे केले. कावळ्यासाठी पान वाढायला घेतलं, तर म्हणाली, "यंदा गच्चीवर नको नेऊ. ते बोलत्यात की आता."

बोलतात म्हणजे फोनमध्ये. मागे भाचीने तुमचा भिंतीवरचा फोटो कुठल्याशा ॲपमध्ये टाकला आणि तुम्ही मान हलवून बोलायला लागलात. "बाळा, मी सुखात आहे. काळजी करू नकोस." आवाज कुणा परक्याचा, मऊ, बातम्या देणाऱ्यासारखा. मी आईला समजावलं, "अगं, शब्द हिने टाइप केलेत. फोटोत आवाज नसतो."

"फोटोत गळा दिसतो ना? मग आवाज त्यातनंच निघणार."

"नानांचा आवाज असा होता का?"

"तिकडं गेल्यावर घसा बरा झाला असंल त्यांचा."

भाची हसली. आई हसली नाही. तेव्हापासून ती चहाच्या वेळी फोन डब्याला टेकवून ठेवते, तुम्हाला ऐकते आणि उत्तर देते, "हो, घेते गोळी."

विंचूरच्या बाजारात तुम्ही कांद्याचे लिलाव पुकारायचात. मला एकदा नेलं होतंत. ट्रॅक्टरांच्या रांगेतून तुम्ही पुढे चालताय, मागे व्यापारी, आणि तुमचा आवाज पार फाटकापर्यंत. संध्याकाळी घरी याल तेव्हा घशात नुसती हवा. मला हाक मारायची तर तांब्यावर अंगठी वाजवायचात. गणितात नापास झालो त्या दिवशीही तांब्या वाजला. मी मार खायच्या तयारीने आलो. तुम्ही त्या फाटक्या आवाजात "बस" एवढंच म्हणालात आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी मला दिलीत.

तो "बस" आता ऐकू येत नाही. आठवायला गेलो तर ट्रॅक्टर दिसतात, धूळ दिसते, तुमचे ओठ हलताना दिसतात, पण आवाज येतो तो फोनमधला, मऊ. लिलावसुद्धा तोच पुकारतो. काल आईचा फोन हातात होता, तो व्हिडिओ पुसून टाकायला बोट नेलं होतं. पण तो आवाज ऐकला की ती गोळी घेते. फोन जागेवर ठेवला.

हा कागद तिला दाखवणार नाही. दाखवला तर म्हणेल, "टाक फोनमधी, ऐकू दे त्यांना."

आज तिला टाकी बघतो म्हणून सांगितलं आणि पान घेऊन गच्चीवर गेलो. कठड्यावर ठेवलं. बराच वेळ कावळा येईना. मग मी माझ्या फोनवर तुमचा तो व्हिडिओ लावला. तुम्ही मला कधी बाळा म्हणाला नाहीत, नाना. ते ऐकायला बरं वाटलं, म्हणून पुन्हा लावला. मान वर केली तेव्हा पान रिकामं होतं. कावळा आला होता की खार, मी पाहिलं नाही.

पान उचललं. कठड्यावर खीर सांडली होती, ती टाकीच्या पाण्याने धुतली आणि खाली आलो.